स्टीलपॅन हे प्राचीन आफ्रिकी वाद्य आहे का?

स्टीलपॅन म्हणजे पोलादी पिंपाच्या तळापासून बनवलेले वाद्य. ऑगस्टअखेरीस लंडनच्या नॉटिंग हिल भागात भरणाऱ्या कॅरिबियन कार्निव्हलच्या चित्रफितींसोबत, ‘यातील स्टीलपॅन हे हजारो वर्षांपूर्वीचे आफ्रिकी वाद्य आहे’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत आला आहे. त्रिनिदाद या कॅरिबियन बेटावर गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांची तालपरंपरा या वाद्यामागे खरोखरच उभी असल्यामुळे हा समज होणे स्वाभाविक आहे. वाद्य मात्र त्रिनिदादचे असून त्याचे वय शंभर वर्षेही नाही.

१८८०च्या दशकात वसाहतीच्या सरकारने ढोलवादनावर निर्बंध घातले, तेव्हा पोर्ट ऑफ स्पेन या त्रिनिदादच्या राजधानीतील गरीब वस्त्यांमधील लोकांनी कमीजास्त लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरला. १९३०च्या दशकात बांबूंची जागा बिस्किटांच्या आणि रंगाच्या डब्यांनी घेतली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची रिकामी पिंपे हाती आली. पिंपाचा तळ ठोकून खोलगट करावा, त्यावर लहानमोठे उंचवटे काढावेत, म्हणजे प्रत्येकातून वेगळा सूर निघतो, हे तेथील तरुणांनी शोधून काढले आणि त्याचे श्रेय अज्ञात प्राचीन काळाला देणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

पडताळणीसाठी स्टीलपॅनचे जवळून घेतलेले छायाचित्र पाहावे. जुन्या पद्धतीच्या वाद्यावर कारखान्यात दुमडलेली पिंपाची कड स्पष्ट दिसते आणि असे पोलादी पिंप विसाव्या शतकाच्या आरंभापूर्वी प्रचारातच नव्हते.