उतारवयातील स्त्रियांचे बलसंवर्धन

बलसंवर्धन म्हणजे स्नायूंची ताकद, हाडांची घनता आणि तोल टिकवण्यासाठी रजोनिवृत्तीनंतर भार देऊन केलेला नियमित व्यायाम. चालण्याने दम टिकतो, पण मांडीला त्या भाराची सवय झालेली असल्याने तिची ताकद त्याने फारशी वाढत नाही. रोज तासभर चालूनही खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, तो यामुळेच.

इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. रजोनिवृत्तीत ते घटले की पहिली काही वर्षे झीज वेगाने होते, मग वेग मंदावतो. घनतेचा टी-स्कोअर (निरोगी तरुण स्त्रीच्या सरासरी घनतेशी तुलना करून काढलेला आकडा) उणे २.५ किंवा त्याहून कमी असेल तर अस्थिसुषिरता (हाडे ठिसूळ होणे) मानतात. वयानुसार होणाऱ्या स्नायूक्षयाला १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया हे नाव सुचवले. त्यात झटक्याने आकुंचन पावणारे तंतू आधी बारीक होतात. ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून सावरायला लागतात ते नेमके हेच, म्हणून ताकद गेल्याचे अनेकदा पडल्यावरच लक्षात येते.

घरच्या घरी अंदाज घेता येतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत हात छातीशी घडी घालून बसावे आणि पाच वेळा पूर्ण उठून बसावे. १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पायांची ताकद कमी आहे असे समजतात.

व्यायाम आठवड्यातून किमान दोनदा, मध्ये एक दिवस सोडून करावा. खुर्चीतून उठणे-बसणे, टाचा उचलणे, भिंतीला हात टेकून दंड काढणे आणि रबरी पट्टा छातीकडे ओढणे, एवढ्यावर सुरुवात भागते. प्रत्येकाची ८ ते १२ आवर्तने, दोन फेऱ्या. शेवटची दोन आवर्तने जड गेली पाहिजेत. लागोपाठच्या दोन व्यायामांत १२ आवर्तने सहज झाली की भार थोडा वाढवावा: हातात डंबेल घ्यावे किंवा खुर्ची बुटकी निवडावी. सर्वांत मोठी चूक इथेच होते. एकच हलके वजन वर्षानुवर्षे उचलले जाते आणि 'आता या वयात काही होत नाही' असा निष्कर्ष निघतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या अशक्त व्यक्तींच्या पायांची ताकद आठ आठवड्यांच्या जड व्यायामाने दुपटीहून अधिक झाली होती.

बसताना धपकन बसू नये, तीन आकडे मोजत उतरावे. सावकाश उतरतानाही मांडीला भार मिळतो, तो धपकन बसल्याने वाया जातो. जोर लावताना श्वास रोखला तर रक्तदाब एकदम चढतो. उठताना श्वास सोडावा. स्नायू एक-दोन दिवस ठणकणे स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणारी कळ, छातीत दुखणे किंवा चक्कर आली तर मात्र थांबून डॉक्टरांना दाखवावे. अस्थिसुषिरता असल्यास पाठ गोल करून पायाची बोटे धरणे, पोटाच्या उठाबशा आणि कमरेतून जोरात वळणे टाळावे. अशा हालचालींत मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येऊन तो चेपला जाऊ शकतो. वस्तू उचलताना गुडघे व खुबे वाकवावेत, पाठ नव्हे.

तोलाचा सराव वेगळा करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढे तोल आणि ताकद यांवर भर देणारा सराव आठवड्यातून किमान तीन दिवस सुचवते. ओट्याला हात लावून एका पायावर १० सेकंद उभे राहण्यापासून सुरुवात करून हळूहळू आधार बोटापुरता करावा.

खोकताना लघवी गळते म्हणून अनेकजणी व्यायामच सोडतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याची किमान ८ आवर्तने, दिवसातून तीनदा, तीन महिने केल्यास पुष्कळ फरक पडतो. पोट किंवा नितंब आवळणे म्हणजे हा व्यायाम नव्हे.

प्रथिने कमी पडली तर व्यायामाचे फळ अपुरे मिळते. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या स्त्रीला ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिने लागतात. ती एकाच जेवणात न घेता दिवसभरात वाटून घ्यावीत. बहुतेकींच्या न्याहारीत ती सर्वांत कमी असतात.