मुक्तद्वार ग्रंथालय

ज्या सार्वजनिक ग्रंथालयात वाचकाला थेट कपाटांपर्यंत जाऊन पुस्तके हाताळता आणि निवडता येतात, त्याला मुक्तद्वार ग्रंथालय म्हणतात. ही सोय आता इतकी अंगवळणी पडली आहे की, ती कधीकाळी नव्हती हे सहसा आठवत नाही. ब्रिटनमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १८५० साली झाला, अमेरिकेत बॉस्टनचे मोफत सार्वजनिक ग्रंथालय १८५४ साली वाचकांसाठी उघडले. तरीही त्या काळी घरी न्यायच्या पुस्तकांसाठी वाचकाला बहुधा खिडकीच्या अलीकडेच थांबावे लागे. सूचीत नाव शोधायचे, चिठ्ठी भरायची, आतून पुस्तक येईपर्यंत वाट पाहायची. चाळून पाहिले आणि नको वाटले, तर पुन्हा नवी चिठ्ठी. जे पुस्तक आहे हेच ठाऊक नाही, ते मागणार तरी कसे?

लंडनच्या क्लार्कनवेल ग्रंथालयात जेम्स डफ ब्राउन यांनी १८९४ साली देवघेव विभागाची कपाटे वाचकांना खुली केली. पुस्तके चोरीला जातील, क्रम विस्कटेल, या धास्तीने अनेक ग्रंथपालांनी कडाडून विरोध केला. ब्राउन यांनी येण्याजाण्याच्या वाटांवर फाटके बसवून त्या आक्षेपाला उत्तर दिले. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले तिसरे सूत्र आहे, ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’. मुक्तद्वार पद्धतीचे खरे समर्थन याच सूत्रात आहे: इथे पुस्तकही वाचकाच्या वाटेवर उभे असते.

अर्थात नुसती कपाटे उघडून भागत नाही, मांडणी विषयवार लागते. मेल्विल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात (१८७६), म्हणजे प्रत्येक विषयाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, पक्ष्यांचा वर्गांक ५९८ आहे. त्या कपाटासमोर उभे राहिले की डावीकडे ५९७ मध्ये मासे आणि सरपटणारे प्राणी, उजवीकडे ५९९ मध्ये सस्तन प्राणी. पक्षी शोधायला आलेला वाचक साप घेऊन घरी जातो, तो असा. मात्र याच मांडणीची एक अडचण आहे. कोंबड्या पाळण्याची पुस्तके पशुपालनात, म्हणजे ६३६.५ वर, बरीच लांब असतात. त्यामुळे एकच कपाट पाहून ‘इथे काही नाही’ म्हणू नये. सूची पाहावी, ग्रंथपालांना विचारावे. नेमके काय हवे ते सांगता आले नाही तरी विचारावे, कारण ते उलगडून घेणे हेच त्यांचे कौशल्य असते.

भेटीत पाळायची महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाळलेले पुस्तक स्वतः परत कपाटात न लावता टेबलावर किंवा ठरलेल्या जागी ठेवणे. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक सूचीत दिसते, पण सापडत नाही, हरवल्यातच जमा. शिवाय बऱ्याच ग्रंथालयांत टेबलावरची पुस्तके मोजून ‘आतल्या आत झालेला वापर’ नोंदवतात. संग्रहातून कोणती पुस्तके काढायची हे ठरवताना वापराच्या नोंदी पाहिल्या जातात. म्हणून आवडलेले जुने पुस्तक स्वतःच्या नावावर घरी नेणे हा त्या पुस्तकाला मिळालेला भक्कम आधार असतो.

हस्तलिखिते, दुर्मीळ ग्रंथ आणि जीर्ण नियतकालिके मात्र मुक्तद्वार ग्रंथालयांतही बंद कपाटांतच ठेवतात आणि मागणीनुसार देखरेखीखाली पाहायला देतात.