खोक्यावरचा सीएफएम आणि पत्र्यांमधला वारा

कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा, म्हणजे मुख्य चिपचा, पंखा घरघरायला लागला की माणूस दुकानात जातो आणि विचारतो, 'जास्त वारा देणारा कुठला?' दुकानदार खोक्यावरचा सीएफएमचा आकडा दाखवतो आणि ज्याचा आकडा मोठा तो पंखा घरी येतो. वडगाव-शहापुरातल्या मागवाल्यांच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरपासून खानापूर तालुक्यात उतारे काढून देणाऱ्या केंद्रांपर्यंत सगळीकडे हीच पद्धत. आकडा खरा असतो. पण तुमच्या कूलरमधून, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या पातळ पत्र्यांच्या गठ्ठ्यामधून, किती हवा जाईल हे त्यावरून कळत नाही.

सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. आपल्याला ती लागते तरी किती? समजा प्रोसेसर ६५ वॅट उष्णता टाकतोय आणि कूलरमधून जाताना हवा १० अंशांनी तापली तर चालेल. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, त्यामुळे इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा सात-आठ टक्के विरळ. तिचा एक घनमीटर एका अंशाने तापवायला सुमारे ११०० ज्यूल लागतात. दहा अंशांना ११,०००. ६५ ला ११,००० ने भागा. उत्तर येतं सेकंदाला जेमतेम सहा लिटर, म्हणजे साडेबारा सीएफएम. वेग वाढला की पत्र्यांवरची उष्णता जास्त चांगली उचलली जाते, म्हणून याहून जास्त हवा मिळालेली बरी. तरी खोक्यावर ६० लिहिलेलं असताना प्रोसेसर ९५ अंशांवर का जातो?

कारण ते ६० सीएफएम मोकळ्या हवेत, समोर कसलाही अडथळा नसताना मोजलेले असतात. मळणीच्या वेळी उफणणीचा पंखा खळ्यावर छान वारा घालतो. तोच भाताच्या पिंजराच्या गंजीसमोर लावला तर पलीकडच्या माणसाला झुळूकही लागणार नाही. कूलरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये दोन-दोन मिलिमीटरच्या फटी असतात. त्यांतून हवा ढकलायला दाब लागतो.

हा दाब खोक्यावर बारीक अक्षरात असतो: स्टॅटिक प्रेशर, पाण्याच्या मिलिमीटरमध्ये, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब. १२० मिलिमीटरच्या पंख्याला साधारण एक ते तीन. डोक्यावरच्या वातावरणाचा दाब सुमारे दहा मीटर पाण्याइतका असतो, त्यापुढे दोन मिलिमीटर म्हणजे नगण्यच, आणि कूलरचा सगळा खेळ तेवढ्यावर चालतो! हा आकडा मात्र पंख्याचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो, तेव्हा प्रवाह शून्य असतो.

आता एक आलेख काढा. आडवा अक्ष प्रवाहाचा, उभा दाबाचा. पंख्याची रेषा उभ्या अक्षावरच्या कमाल दाबापासून निघते आणि खाली उतरत आडव्या अक्षावरच्या कमाल सीएफएमला येऊन टेकते. कूलरची रेषा शून्यातून निघते आणि वर चढत जाते, कारण जास्त हवा ढकलायची तर दाब जवळपास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात, पंखा तिथेच चालतो. खोक्यावरचे दोन्ही आकडे म्हणजे पंख्याच्या रेषेची दोन टोकं, आणि त्या टोकांवर पंखा प्रत्यक्षात कधीच नसतो. दाट पत्र्यांच्या कूलरची रेषा ताठ चढते. अशा वेळी ७० सीएफएम आणि १ मिलिमीटरवाल्या पंख्यापेक्षा ५० सीएफएम आणि २.५ मिलिमीटरवाला जास्त हवा देऊ शकतो. अशा पंख्याची पाती सहसा रुंद असतात आणि त्यांच्यात फटी कमी असतात.

फेरे वाढवूनही छेदबिंदू पुढे सरकतो, पण महागात पडतो. फेरे दुप्पट केले तर प्रवाह दुप्पट, दाब चौपट आणि वीज आठपट होते, शिवाय आवाज सुमारे १५ डेसिबलनी चढतो.

धूळ कूलरची रेषा आणखी ताठ करते. मागाच्या खोलीशेजारी ठेवलेला कॉम्प्युटर उघडला की पंख्याखाली पत्र्यांवर धाग्यांच्या तंतूंची नमद्यासारखी गादी बसलेली दिसते. निपाणीकडे तिच्यात तंबाखूची भुकटी मिसळते. ती न काढता नवा पंखा बसवला तर पैसे वायाच जातात. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

भर दुपारी मशीन अचानक बंद पडायला लागलं की दृष्ट लागली म्हणून लिंबू-मिरची टांगलेली मी पाहिली आहे. प्रोसेसरमध्येच तापमान मोजणारा संवेदक असतो. बऱ्याच प्रोसेसरमध्ये १०० अंशांच्या आसपास तो प्रोसेसरचा वेग कमी करायला लावतो, त्यापुढे तापलं तर वीज तोडतो. दृष्टीचा त्यात काही संबंध नाही. खंडेनवमीला मशीनची पूजा जरूर करा, पण कुंकू-बुक्का जाळीपासून लांब ठेवा आणि त्याच दिवशी कव्हर उघडून ब्रश फिरवा. रंगीत दिव्यांच्या पंख्यांना जास्तीचे पैसे देऊ नका, दिव्याने अर्धा अंशही उतरत नाही.

बाकी निवड सोपी आहे. माप इंचात सांगू नका, मिलिमीटरमध्ये मोजा. १२० च्या पंख्यात स्क्रूच्या भोकांतलं अंतर १०५ असतं, ९२ च्या पंख्यात ८२.५. जाडी बहुधा २५. प्रोसेसरबरोबर फुकट आलेल्या कूलरचा पंखा बहुतेकदा या मापांत बसत नाही. तिथे अख्खा कूलर बदला आणि थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, नवी लावा. नुसता पंखा बदलताना पेस्टला हात लावायची गरज नाही. साध्या बुशचा पंखा आडवा बसवला की लवकर आवाज करू लागतो, म्हणून फ्लुइड किंवा बॉल बेअरिंगचा घ्या.

पिना चार हव्यात. ग्राउंड, १२ व्होल्ट, फेरे मोजणारी आणि वेग ठरवणारी. चौथ्या पिनेवर सेकंदाला पंचवीस हजार वेळा चालू-बंद होणारा इशारा जातो आणि त्यावरून पंखा आपला वेग ठरवतो. तीन पिनांचाही त्याच जागी बसतो, पण बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, डीसी मोड (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवणारा) निवडला नाही तर तो कायम पूर्ण वेगाने ओरडत राहतो. बसवताना आडव्या दांड्यांची बाजू पत्र्यांकडे ठेवा, हवा त्या बाजूने बाहेर पडते. मग बायोसमध्ये फेरे बघा. पंखा फिरतोय आणि तिथे शून्य दिसतंय, तर तिसऱ्या पिनेची तार तपासा. तो इशारा पोचला नाही तर बरेच मदरबोर्ड चालू होतानाच 'सीपीयू फॅन एरर' दाखवून थांबतात.