थर्ड पार्टी सप्लिमेंट आणि टेबलटॉप आरपीजीमधली सिस्टिमची निवड

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ. त्यात थर्ड पार्टी सप्लिमेंट म्हणजे मूळ गेम काढणारी कंपनी सोडून दुसऱ्याच कुणीतरी त्या गेमसाठी काढलेलं जोडपुस्तक, आणि हे दुसरं कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा दोनचार माणसांचं छोटं प्रकाशन असतं. त्यात एखादं तयार साहस असतं ज्याला मॉड्यूल म्हणतात, नाहीतर राक्षसांचा संग्रह, नवा क्लास म्हणजे योद्धा-जादूगारासारखा पात्राचा प्रकार, किंवा नकाशासकट अख्खं शहर. सिस्टिम म्हणजे नियम, कुठला फासा टाकायचा, मार लागला की काय होतं, जादू कशी चालते हे सगळं. ग्रुप कुठली सिस्टिम खेळतो हे नियम किती चांगले यावर ठरतं असं सगळ्यांना वाटतं, पण टेबलावर बसून बघितलं तर ते ठरतं शनिवारी संध्याकाळी उचलून खेळता येईल असं त्या सिस्टिमसाठी काय तयार मिळतं यावर, आणि तो माल पुरवणारे बहुतेक हे छोटे प्रकाशकच असतात.

निवड नेमकी कोण करतं

खेळणारे चारपाच असतात पण सिस्टिम निवडतो डीएम, म्हणजे गोष्ट आणि खेळ चालवणारा, कारण तयारी त्याच्याच गळ्यात असते. खेळाडूला आपलं एक कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, सांभाळायचं, डीएमला गाव, बाजार, राजा, चोर, भूत सगळंच सांभाळायचं. बेळगावातला आमचा डीएम उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे, शिफ्ट संपवून घरी येईपर्यंत आठ वाजतात, मग त्यानं तीन तास बसून गुहेचा नकाशा काढावा अशी अपेक्षा कुणी धरायची? त्याला पंधरा मिनिटांत वाचून चालवता येईल असं काहीतरी हवं असतं, आणि ज्या सिस्टिमला असं काहीतरी भरपूर आहे ती सिस्टिम आपोआप टेबलावर येते.

एक साधं उदाहरण बघा. डीअँडडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा आरपीजी, त्याच्या पाचव्या आवृत्तीत गॉब्लिन हा छोटा राक्षस म्हटला की आर्मर क्लास म्हणजे त्याला मार लागणं किती कठीण ते 15, हिट पॉइंट म्हणजे तो किती मार सोसतो ते 7, मग ताकद-चपळाईसारखे सहा अ‍ॅबिलिटी स्कोअर, लपण्याचं कौशल्य, अंधारात दिसण्याचं अंतर, पळून लपायची खास युक्ती, तलवारीचा हल्ला वेगळा नि धनुष्याचा वेगळा, म्हणजे पानाचा चांगला तुकडा जातो. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे सुरुवातीच्या डीअँडडीसारख्या सुटसुटीत नियमांच्या, गेममध्ये तोच गॉब्लिन एका ओळीत बसतो, एचडी 1-1 म्हणजे हिट पॉइंटसाठी एक फासा टाकून एक वजा, आर्मर क्लास, हल्ला, मोराल म्हणजे टिकून लढायची हिंमत, संपलं. मॉड्यूल लिहिणाऱ्याला त्यामुळे एका पानात तीन खोल्या बसवता येतात आणि चालवणाऱ्याला पान न उलटता खेळ चालू ठेवता येतो, म्हणून जुन्या पद्धतीच्या गेमसाठी छोटी छोटी पुस्तकं इतकी निघतात, आणि इतकी निघतात म्हणूनच लोक त्या गेमकडे वळतात, हे चक्र एकदा फिरायला लागलं की थांबत नाही.

इतिहास

डीअँडडी 1974 साली आलं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं. त्यानंतर दोनच वर्षांत, 1976 ला, जजेस गिल्ड नावाच्या छोट्या प्रकाशनानं एक अख्खं शहर तयार करून विकायला काढलं. मूळ कंपनी टीएसआरला सुरुवातीला अशा तयार मालाला कुणी पैसे देईल असं वाटतच नव्हतं, पण लोकांनी दिले.

खरा बदल झाला 2000 साली. टीएसआर तोपर्यंत विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं घेतली होती आणि तिसऱ्या आवृत्तीबरोबर त्यांनी ओपन गेम लायसन्स म्हणजे ओजीएल आणलं, त्याखाली कुणालाही ते नियम वापरून आपली पुस्तकं काढता येत होती, आणि त्यामागे विझार्ड्समधल्या रायन डान्सी यांचा हिशोब होता. हिशोब असा की मॉड्यूल टेबलावरचा एकच माणूस विकत घेतो, म्हणजे डीएम, पण प्लेअर्स हँडबुक हे मूळ नियमांचं पुस्तक प्रत्येक खेळाडू घेतो, तर मॉड्यूल काढायचं कमी कमाईचं काम बाकीच्यांना करू दे, ते जितकी पुस्तकं काढतील तितकी आपली मूळ पुस्तकं खपतील. जोडीला पुस्तकावर डी20 हे चिन्ह वापरायचं वेगळं लायसन्स होतं, त्यात अट अशी की कॅरेक्टर कसं तयार करायचं ते तुमच्या पुस्तकात छापायचं नाही. म्हणजे दुसऱ्याचं मॉड्यूल घेतलं तरी खेळायला प्लेअर्स हँडबुक लागणारच. हँडबुक जेन कॉन या खेळांच्या मेळाव्यात विक्रीला आलं तेव्हा ग्रीन रोनिन आणि अ‍ॅटलस गेम्स या छोट्या प्रकाशकांची मॉड्यूलं तिथं तयारच होती. पुढची दोनतीन वर्षं दुकानं डी20 पुस्तकांनी भरून गेली, त्यात चांगलं थोडं नि भुसा जास्त, आणि 2003 ला डीअँडडीची साडेतीन म्हणजे 3.5 आवृत्ती आल्यावर जुना साठा पडून राहिला, कितीतरी छोटे प्रकाशक त्यात बुडाले.

मला या सगळ्या इतिहासात सर्वात महत्त्वाची वाटते ती पायझोची गोष्ट. पायझो हे डीअँडडीची मासिकं काढायचे, 2007 ला ती मासिकं हातातून गेली, तेव्हा त्यांनी ओजीएलखाली महिन्याला एक भाग अशी लांब साहसमालिका सुरू केली, नियम साडेतीनचेच. 2008 ला डीअँडडीची चौथी आवृत्ती आली आणि तिचं लायसन्स बाकीच्या प्रकाशकांसाठी पुष्कळ कडक होतं. मग पायझोनं साडेतीनचेच नियम दुरुस्त करून 2009 ला पाथफाइंडर हा स्वतःचा गेम काढला. लोक तिकडं का गेले, तर ज्या गोष्टी ते महिन्यामहिन्याला खेळत होते त्या तिथं पुढं चालू होत्या. जोडपुस्तक काढणाराच स्वतःच्या गेमचा मालक झाला आणि त्याचा वाचक त्याच्यामागून गेला, नियमांवरून फारशी वादावादी न होता.

पाचवी आवृत्ती 2014 ची, तिचे मूळ नियम 2016 च्या जानेवारीत ओजीएलखाली खुले झाले आणि त्याच महिन्यात डीएम्स गिल्ड हे ऑनलाइन दुकान सुरू झालं. तिथं लेखकाला निम्मी रक्कम मिळते आणि विझार्ड्सची दुनिया वापरता येते, पण तिथं टाकलेलं दुसरीकडं विकता येत नाही. मग 2023 च्या जानेवारीत ओजीएल बदलायचा मसुदा फुटला, त्यात वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांकडून वरच्या रकमेवर टक्केवारी घ्यायची कलमं होती आणि जुनं लायसन्स रद्द करायची भाषा होती. छोटे प्रकाशक खवळले, खेळाडू त्यांच्यामागे उभे राहिले, पायझोनं आठ महिन्यांचा पाथफाइंडरचा साठा दोन आठवड्यांत संपल्याचं सांगितलं, आणि 27 जानेवारीला विझार्ड्सनं पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडून दिले, नाव द्या आणि वापरा, आता परत घेता येत नाही. तोवर पाचव्या आवृत्तीची जोडपुस्तकं काढणाऱ्या कोबोल्ड प्रेसनं स्वतःची सिस्टिम काढायचं जाहीर करूनही टाकलं होतं. लायसन्स ही वकिलांची गोष्ट आहे, आपल्याला काय करायचंय, असं म्हणणाऱ्यांनी तो एक महिना बघायला हवा होता, कारण कागदावरच्या चार कलमांनी हजारो टेबलांची सिस्टिम बदलली.

बेळगाव भागात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात आरपीजी खेळणारे थोडे, आणि जे आहेत ते बहुतेक कॉलेजात असताना नाहीतर पुण्या-बंगळुरात नोकरीला असताना शिकून आलेले. परदेशातून पुस्तक मागवायचं तर कुरियर आणि कस्टम धरून किंमत अशी होते की चार जणांनी वर्गणी काढावी लागते. म्हणून इथं सगळं पीडीएफवर चालतं, आणि पीडीएफ म्हणजे बेळगावच्या आरपीडी क्रॉस चौकात जाऊन झेरॉक्स मारून स्पायरल बाइंडिंग. साहजिकच ज्या सिस्टिमचे नियम आणि मॉड्यूल दोन्ही फुकट किंवा स्वस्त मिळतात आणि झेरॉक्स मारायची लायसन्सनंच परवानगी दिलीय ती सिस्टिम इथं रुजते.

आम्ही पाचव्या आवृत्तीपासून सुरुवात केली, व्हिडिओ बघून. वर्षभर बरं चाललं. मग बेसिक फँटसी हाती आलं, ख्रिस गॉनरमन यांचा जुन्या पद्धतीचा गेम, पीडीएफ फुकट, आणि वाचकांनीच लिहिलेली मॉड्यूलंसुद्धा फुकट, एकामागून एक. त्याची चौथी आवृत्ती 2023 ला क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आली, त्यात अट एवढीच की नाव द्यायचं आणि तुम्ही त्यातून जे कराल तेही तसंच खुलं ठेवायचं. नियम मला पाचव्यातले जास्त आवडतात हे मी सरळ सांगतो, तिथं कॅरेक्टर वाढवायला मजा येते. तरी आमचं टेबल बेसिक फँटसीवर गेलं, कारण डीएमच्या हातात दर शनिवारी काहीतरी होतं.

भाषेचा मुद्दा इथं वेगळा आहे. आमच्या टेबलावर वर्णन मराठीत चालतं, नियम इंग्रजीत, आणि विसाच्या फाशावर वीस पडला की शहापूरचा आमचा एक गडी "इप्पत्तु!" म्हणून ओरडतो, मग मराठी काय नि कन्नड काय, सगळे टाळ्या पिटतात. पण नवीन येणारा इंग्रजी शीट बघूनच बिचकतो. खुल्या लायसन्समुळं शीट मराठीत करता आलं, ताकद, चपळाई, तब्येत, बुद्धी, शहाणपण, छाप, एका ए4 कागदावर पाठपोट. जिथं लायसन्स भाषांतराला परवानगी देत नाही ती सिस्टिम कितीही भारी असू दे, ती इथं चारपाच इंग्रजीवाल्यांच्या पुढं जात नाही.

स्वतःचं सप्लिमेंट लिहायचं म्हटलं तर या भागाला काय कमी आहे सांगा. हलशी आहे, कदंबांची जुनी पलाशिका, भूवराह नरसिंहाचं देऊळ तिथं अजून उभं आहे. राजहंसगड आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. आणि खानापूरच्या जंगलात भीमगडाजवळ बारापेडे गुहा आहेत जिथं रॉटनची वटवाघळं राहतात, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारी. त्या गुहेवर आम्ही सोळा पानांचं मॉड्यूल लिहिलं, अकरा खोल्या, छतावर वटवाघळं, आवाज केला की सगळी एकदम उठतात आणि मशाल विझते, म्हणून खेळाडू अख्खा तासभर कुजबुजत बोलतात, टेबलावरसुद्धा. शेवटच्या पानावर लायसन्सची ओळ आणि मूळ लेखकाचं नाव छापलंय, झेरॉक्स असली तरी ते छापावंच लागतं.

खानापूरच्या कॉलेजातल्या पोरांनी ती गुहा आमच्याकडून नेली तेव्हा त्यांच्याकडं कुठलेच नियम नव्हते. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो हाच की ही खेळायला कुठलं पुस्तक लागतं, मग आम्ही फुकटची पीडीएफ आणि मराठी शीटच्या वीस प्रती दिल्या, आणि आता त्यांचं टेबल बेसिक फँटसीचं आहे, पाचवी आवृत्ती त्यांनी अजून उघडूनही बघितलेली नाही.