कुंपणाबाहेरचा सडा

कोकणातली कातळशिल्पं भर दुपारी पाहायला जाऊ नये. ऊन डोक्यावर असलं की कोरलेली रेघ जांभ्या दगडात विरून जाते. उन्हं कलली की तीच रेघ सावली धरते आणि पायाखाली अख्खा हत्ती उमटतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या सपाट माळावर, गुरं राखणाऱ्यांना हे हत्ती पूर्वीपासून ठाऊक होते. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी शोधमोहीम सुरू केली, तेव्हा बऱ्याचदा वाट दाखवली ती गावातल्याच माणसांनी.

२०२२ मध्ये कशेळी, उक्षी, देवीहसोळ, बारसू अशी महाराष्ट्रातली ८ ठिकाणं आणि गोव्यातलं १ युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस कोरलेला आहे. त्याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्प प्रस्तावित झाला आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाला विरोध करायला बायाबापड्या रणरणत्या उन्हात सड्यावर बसल्या.

शिल्पाभोवती कुंपण घातलं की झालं, असं वरवर वाटतं. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ते पुरेसं नाही. कार्बन-१४ पद्धतीने वय काढायला कोळसा, हाड, लाकूड असं कधीकाळी सजीव असलेलं काहीतरी लागतं, आणि कोरताना दगड नुसता झिजतो, असं काही मागे उरत नाही. मग आजूबाजूला सापडणारी दगडी हत्यारं, जुने पाणवठे, चित्रातले प्राणी यांवरून काळाचा अंदाज बांधावा लागतो. इथे गेंडाही कोरलेला आहे, आणि आज कोकणात गेंडा नाही! बरेच अभ्यासक ही शिल्पं मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेतीआधीच्या शिकारी माणसांच्या काळापर्यंत, मागे नेतात, काही तितकं मागे जात नाहीत. हा वाद सुटलाच तर भोवतालच्या सड्यावरच सुटेल. तो खणून काढला तर आतली चित्रं मुकी होतील.

हाच सडा पावसाचं पाणी मुरवून खालच्या विहिरींना देतो, गुरांना चारा देतो. जमीन बहुतेक खाजगी. जांभ्याचे चिरे काढणाऱ्या खाणीवर कुणाचं पोटही चालतं. त्यामुळे गावाला विचारल्याशिवाय इथे काहीच टिकणार नाही. उक्षीचा हत्ती गावाने पुढाकार घेतला म्हणून जपला गेला.

प्रकल्पाला विरोध करायचा की नाही, हे गाव ठरवील. पण प्रकल्पाचे मोजणीवाले सड्यावर पोचण्याआधी पुरातत्त्वज्ञाने शिल्पं, हत्यारं आणि पाणवठे दाखवणारा नकाशा मराठीत करून ग्रामसभेत मांडायला हवा, आणि त्यात काय राहून गेलं ते गुराख्यांना विचारायला हवं.