पिवळी कॅसेट आणि बंद पडलेला सर्व्हर

मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मला एका रविवारी व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट मिळाली. कार्ट्रिज हा शब्द आमच्या पिढीने वापरलाच नाही, ती कॅसेटच. घरी आणून स्पिरिटच्या बोळ्याने तिच्या पट्ट्या पुसल्या आणि मारिओ पहिल्या झटक्यात धावू लागला. त्याच घरात माझ्या भाच्याने पैसे मोजून घेतलेला फुटबॉलचा गेम मात्र आता उघडत नाही. डिस्कवर ओरखडासुद्धा नाही, पण कंपनीने इंटरनेटवरून तो चालवणारा आपला संगणक, म्हणजे सर्व्हर, बंद केलाय.

अशा बहुतेक कॅसेटमध्ये मास्क रॉम ही चिप असते. तिच्यातले शून्य आणि एक चिप घडवतानाच जोडण्यांच्या रूपात पक्के झालेले असतात. तिथे विद्युतभार साठवलेला नसतो, त्यामुळे तो झिरपून माहिती पुसली जाण्याचा प्रश्नच येत नाही. गंजतात त्या बाहेरच्या धातूच्या पट्ट्या. लहानपणी आपण कॅसेटमध्ये फुंकर मारायचो, पण तोंडातल्या ओलाव्याने त्या उलट लवकर खराब होतात. 1985चा सुपर मारिओ ब्रदर्स असा अवघ्या 40 किलोबाइटमध्ये मावला होता. मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो.

सर्व्हरवरच्या गेमचं तसं नसतं. 2014मध्ये आलेला ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम एकट्याने खेळायचा झाला, तरी इंटरनेट लागायचंच. 31 मार्च 2024ला युबिसॉफ्ट या गेम कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेल्या डिस्कही निकामी झाल्या. गेमचा एक भाग कंपनीच्या यंत्रांवर होता, तो ग्राहकाच्या घरी कधी आलाच नव्हता. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी केली आणि 2025मध्ये युरोपातल्या त्यांच्या मागणीपत्रावर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात 2025पासून डिजिटल गेमसाठी ‘खरेदी करा’ असं बटण दाखवताना, हा फक्त वापराचा परवाना आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं.

पुणेकराला हे दुखणं कळायला हवं. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964पासून आपल्याच गावात आहे. ते उभं करणारे पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांची रिळं शोधून इथे आणली, म्हणून ‘कालिया मर्दन’ आज पाहता येतो. रिळं कुणाच्या तरी घरात पडून होती, म्हणून ती शोधता आली. माझी पिवळी कॅसेट तर चक्क विनापरवाना नक्कल आहे. तरीही अशा विखुरलेल्या प्रतींमुळेच तो गेम घराघरांत टिकला, असं मी मानतो. सर्व्हरवरचा प्रोग्राम कुणाच्याच माळ्यावर सापडणार नाही. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 कायदेशीर मार्गाने मिळालेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढू देतं, पण जे हाती आलंच नाही त्याची प्रत कशी काढणार?

‘स्टॉप किलिंग गेम्स’वाल्यांची मागणी अवाजवी नाही. बंद करताना गेम खेळाडूंच्या हवाली करा, एवढीच आहे. ‘नॉकआउट सिटी’ या गेमच्या निर्मात्यांनी जून 2023मध्ये आपले सर्व्हर बंद केले, तेव्हा सर्व्हरचा प्रोग्रामच लोकांना देऊन टाकला. आता कुणीही आपल्या संगणकावर तो चालवून मित्रांना खेळायला बोलावू शकतो.