‘ऑटो’ आणि मोबाइल स्टार्टर: मोटरीवर दुरून नजर ठेवण्याची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साचलेल्या पाण्याच्या काठावर, ज्याची मोटर आहे, त्याचे शेत बहुधा मोटरीजवळ नसते. करमाळा आणि माढ्याच्या काठाला पाणी उपसायचे एका ठिकाणी आणि ऊस भिजवायचा तीन-चार किलोमीटर आत, असा अनेकांचा हिशोब आहे. त्यात पाणीही जागेवर राहत नाही. धरण भरले की मोटर वर ओढायची आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरले की पाइप व केबल वाढवत तीच मोटर खाली न्यायची. उजनीच्या ११७ टीएमसी साठ्यापैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी सोडायला न धरलेले तळाचे पाणी, आहे. म्हणून धरण ‘उणे’ गेल्यावरही, म्हणजे वरचा उपयुक्त साठा संपल्यावरही, काठावरचा उपसा थांबत नाही, मोटर आणि शेत यांच्यातले अंतर मात्र वाढत जाते. भीमा आणि सीनेच्या काठावर हे अंतर कमी असेल, सांगोल्यात डाळिंबाच्या बागेला शेततळे जवळ असेल, पण ‘लाइट आली का?’ हा प्रश्न सगळीकडे तोच आहे. त्यावर दोन यंत्रे निघाली: वीज आली की आपोआप मोटर ओढणारा ‘ऑटो’ स्विच आणि फोनवरून मोटर चालू-बंद करू देणारा मोबाइल स्टार्टर. या दोघांची गल्लत झाली आहे, म्हणून ही पार्श्वभूमी.

मोबाइल येण्याआधी या प्रश्नाला एकच उत्तर होते: कुणीतरी जाऊन बघायचे. घरातला पोरगा सायकलवर जायचा, नाहीतर काठावर झोपडी टाकून गडी ठेवायचा. १९८० मध्ये धरण पूर्ण झाल्यापासून पुढची पंचवीस वर्षे तरी हे असेच चालले.

देशात मोबाइल आला १९९५ मध्ये. तेव्हा एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. हा फोन शेताच्या कामाचा नव्हता. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी तारीख १ मे २००३ ही आहे. त्या दिवसापासून येणारा कॉल फुकट झाला आणि मिस्ड कॉल हे बिनखर्चाचे निरोपाचे साधन बनले. २००५ च्या अखेरीस ‘लाइफटाइम’ सिम आले. एकदा पैसे भरले की इनकमिंग कायमचे चालू, म्हणजे ते सिम मोटरीच्या स्टार्टर पेटीत टाकून विसरले तरी चालण्यासारखे होते. नेमक्या याच वर्षांत राज्यातले भारनियमन सर्वांत कडक झाले. शेतीला थ्री फेज वीज (मोटर चालायला लागणारी तीन तारांची वीज) आठवड्याच्या पाळीने मिळू लागली, एक आठवडा दिवसा ८ तास आणि पुढचा आठवडा रात्री १० तास. तेही कागदावर. या दोन गोष्टी एका वेळी घडल्या नसत्या, तर मोबाइल स्टार्टर इतक्या लवकर शेतात पोहोचला नसता असे मला वाटते.

पहिली उपकरणे घरगुती होती. जुना हँडसेट पेटीत बसवायचा, त्याला ‘ऑटो आन्सर’ लावायचे, इअरफोनच्या तारा एका छोट्या सर्किटला जोडायच्या. शेतकऱ्याने घरून कॉल करून १ दाबले की त्या बटणाचा सूर सर्किट ओळखायचे आणि रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) ओढला जाऊन मोटर चालू व्हायची, २ दाबले की मोटर बंद. तालुक्याच्या गावी मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या दुकानांतून अशा पेट्या बनवून मिळत. पुण्यातल्या एका अभियंत्याच्या याच जातीच्या उपकरणाला २००९ मध्ये मोबाइल कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मोठे बक्षीस मिळाले. तोवर कारखान्यात बनलेले तयार स्टार्टरही बाजारात आले होते. ते मराठीत बोलत. लाइट आली, एक फेज गेली, मोटर कोरडी चालते आहे, लोड जास्त आहे, हे सगळे शेतकऱ्याला घरबसल्या ऐकू येई. केबल कापली गेली की कॉल करणारे स्टार्टरही निघाले. नदीकाठच्या चोऱ्या पाहता अनेकांनी तेवढ्यासाठीच पैसे मोजले.

आता मूळ गुंत्याकडे. बोलताना सगळेच ‘ऑटो’ म्हणतात, आणि या एका शब्दाने फार नुकसान केले आहे.

ऑटो स्विच ही मोबाइलच्या आधीची वस्तू आहे. त्यात सिम नसते आणि निरोपही नसतो. थ्री फेज वीज आली की काही सेकंदांनी तो आपोआप मोटर चालू करतो. रात्री दोनला लाइट आली तरी मालकाला उठावे लागत नाही, म्हणून तो घरोघर लागला. मोबाइल स्टार्टर हे वेगळे यंत्र आहे. लाइट आल्याचे तो कळवतो आणि मोटर चालू करायची की नाही हे माणूस ठरवतो. घोळ असा की, कंपन्यांनी मोबाइल स्टार्टरच्या पेटीतच ‘ऑटो मोड’ दिला. कॉल करायचा कंटाळा आला की शेतकरी तो मोड चालू ठेवू लागला. बाहेरून पाहणाऱ्या वायरमनला पेटी पेटीसारखीच दिसते, त्यामुळे त्याच्या लेखी दोन्ही ‘ऑटो’च.

वीज वितरण कंपनी गेली अनेक वर्षे एकच आवाहन करते आहे: ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर (विजेचा दाब सावरायला मदत करणारे उपकरण) बसवा. त्यामागचे कारण खरे आहे, ते नाकारून चालणार नाही. ५ एचपीची मोटर चालताना सात-आठ अँपिअर घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे चाळीसच्या आसपास. १०० केव्हीएच्या डीपीची, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरची, ताकद साधारण १३३ अँपिअर. त्यावर १५ मोटारी असतील तर चालताना तो डीपी कसाबसा तग धरतो. पण लाइट आल्या आल्या पंधराही ऑटोंनी एकदम मोटारी ओढल्या, तर मागणी एकाएकी ६०० अँपिअरवर जाते. दाब कोसळतो, फ्यूज उडतो, हे रोज झाले की एक दिवस डीपी जळतो. मग नवा डीपी येईपर्यंत पंधरा जणांचे पीक वाळते आणि त्यात ऑटो न लावणाऱ्याचेही वाळते. शिवाय कुणी विहिरीत उतरून पाइप दुरुस्त करत असताना लाइट आली आणि ऑटोने मोटर ओढली, तर काय होते हे वेगळे सांगायला नको.

तरीही हे आवाहन अर्धवट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. डीपी जळतो तो मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्यामुळे, आणि ते टाळण्याची सोय बहुतेक स्टार्टरमध्ये आधीपासून आहे. वीज आल्यावर किती वेळाने मोटर चालू करायची, ही वेळ बदलता येते. एकाची एक मिनिट, दुसऱ्याची तीन, तिसऱ्याची पाच अशी ती एकेका डीपीवर वाटून दिली, तर ऑटो असूनही झटका विभागला जातो. याला नवी यंत्रणा लागत नाही. डीपीवरच्या पंधरा जणांना एका संध्याकाळी पारावर बसवून वेळा ठरवून देणारा माणूस लागतो. हे काम कुणाच्याच जबाबदारीत आले नाही. ‘काढा’ म्हणणे सोपे होते, म्हणून तेवढेच म्हटले गेले. रात्रीची वीज देणारी आणि ‘ऑटो काढा’ सांगणारी यंत्रणा एकच असल्याने शेतकऱ्यानेही ते मनावर घेतले नाही. त्याचे म्हणणे साधे होते: दिवसा वीज द्या, ऑटो आम्हीच काढून फेकतो.

या म्हणण्यातली कळकळ कळायला रात्री दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, जाऊन पाहावे लागते. साप, विंचू, ओल्या बांधावर उघडी वायर. डिसेंबर २०२० मध्ये करमाळा तालुक्यात बिबट्याने माणसे मारली आणि शेवटी त्याला गोळ्या घालाव्या लागल्या. त्या दिवसांत तिथल्या वस्त्यांवर रात्री बाहेर पडायची कुणाची छाती नव्हती, आणि पाळी मात्र रात्रीची होती.

दरम्यान मोबाइल स्टार्टरचा पाया दुसरीकडून खचत होता. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेले जिओचे स्वस्त नेटवर्क फक्त फोरजीचे होते आणि शेतातल्या जवळपास सगळ्या पेट्या टूजीच्या, म्हणजे जुन्या पिढीच्या नेटवर्कच्या. घरातले फोन नव्या सिमवर गेले, पेटीतले सिम जुन्यावरच राहिले. मग २०१८ च्या अखेरीस लाइफटाइम सिमलाही २८ दिवसांसाठी किमान ३५ रुपयांचे रिचार्ज लागू झाले. रक्कम लहान वाटते, पण तीन मोटारींच्या तीन सिमना वर्षभर हे भरायचे, तेही फक्त कॉल घेण्यासाठी. रिचार्ज चुकले की सिम बंद, आणि ते कळते मोटर चालू होत नाही तेव्हाच. पुढे हे दर बरेच वाढले. डेटा नको असणाऱ्यांसाठी केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक द्यावेत, असा नियम दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये केला.

अशी अडचण फक्त आपलीच नाही. डेन्मार्कमध्ये जवळपास दोन तृतीयांश घरे एका केंद्रातून पाइपांनी फिरवलेल्या गरम पाण्यावर उबदार राहतात. तिथे मीटरवर आणि इमारतीच्या तळघरातल्या जोडणीवर दुरून लक्ष ठेवले जाते: पाणी किती अंशाला आले, किती अंशाला परत गेले, प्रवाह किती. युरोपीय नियमानुसार २५ ऑक्टोबर २०२० नंतर बसवलेले असे मीटर दुरून वाचता आलेच पाहिजेत आणि जुन्यांना १ जानेवारी २०२७ पर्यंत मुदत आहे. अशी यंत्रे मोबाइल नेटवर्कवर असली की टूजी बंद होण्याचा प्रश्न त्यांनाही येतो. स्वित्झर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या कंपनीने २०२० नंतर टूजी गुंडाळलेही. फरक आहे तो आकडे कुणाकडे जातात यात. तिथे ते उष्णता पुरवणाऱ्या कंपनीकडे जातात. आपल्याकडे मोबाइल स्टार्टरचा कॉल थेट शेतकऱ्याच्या खिशात वाजत आला.

तेही आता बदलते आहे. दिवसा वीज देण्यासाठी कृषी फीडर सौरऊर्जेवर नेण्याची योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. २०१९ पासून केंद्राच्या अनुदानातून सौर पंप मिळू लागले, आणि त्यांच्या कंट्रोलरला सिम असलेली देखरेख यंत्रणा बंधनकारक आहे. पंप किती तास चालला, किती वीज तयार झाली, ही माहिती सरकारी पोर्टलवर जाते. अनुदानाचा पंप खरोखर चालतो का हे पाहायला ती हवीच. पण कोरड्या पंपाचा इशारा बांधावरच्या माणसाला त्याच्या भाषेत मिळायला हवा, आणि त्यासाठी तेवढा आग्रह धरला गेलेला मी पाहिलेला नाही.

फुगवट्याच्या काठावर मात्र सौर पंपाचा फारसा उपयोग नाही. योजनेतले पंप बहुतेक साडेसात एचपीपर्यंतचे आहेत, आणि कित्येक किलोमीटर पाइपातून पाणी चढवायला त्याहून मोठी मोटर लागते. पॅनेल एका जागी रोवलेले, आणि पाणी उन्हाळाभर मागे सरकत असते. तिथली मोटर अजून तारेवरच्या विजेवर आहे, तिच्या पेटीत टूजीचे सिम आहे आणि डीपीवरच्या वेळा अजून कुणी वाटून दिलेल्या नाहीत.